एक ऋतू पुढे

मराठवाड्यातल्या आमच्या छावणीत ऋतू बदलल्याची बातमी आभाळाच्या आधी गुरुवारच्या बाजाराला लागते. पारा चाळिशीपार असतो, ढगाचा पत्ता नसतो, आणि इकडे ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या येऊन पडलेल्या असतात. ऑक्टोबरचा उकाडा अंगातून पाझरत असतानाच स्वेटरांचे ढीग लागतात. माठ तर थंडी पुरती सरण्याआधी, महाशिवरात्रीच्या सुमारासच रांगेत बसतात. जनावरांच्या बाजूला गेलं तर त्याहून लांबचं दिसतं. यंदा चारा पुरणार नाही असं ज्याला आतून वाटतं, तो शेतकरी उन्हाळा चढायच्या आतच बैलजोडी दावणीची सोडून इथे आणतो. तसे वाटणारे पुष्कळ झाले की दर कोसळतात, आणि न विचारताच कळतं की येणारा उन्हाळा कसा आहे. पेरणीच्या तोंडावर हेच उलटं होतं. बैल घेणारे वाढतात, विकणारे हात आखडतात.

बाजार असा पुढे चालतो, कारण घरच पुढे चालत असतं.

घरातल्या ऋतूंविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा ताटातून लिहितो. पावसात भजी, थंडीत हुरडा, उन्हाळ्यात आमरस. हे खोटं नाही, पण ते खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलेलं वर्ष आहे. करणाऱ्याच्या बाजूने तेच वर्ष पाहिलं तर बहुतेक कामं चुकीच्या ऋतूत चाललेली दिसतात. पावसाळ्यात तळायच्या कुरडया वैशाखाच्या उन्हात होतात. त्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे, ऊन तापायच्या आत, चुलीवर शिजवायला घ्यायचा. चीक हाटताना हात थांबला की गुठळ्या झाल्याच. लेकरं वाट्या घेऊन गरम चिकासाठी घोटाळत असतात. त्यांच्यापुरता तो दिवस सणाचा. गच्चीवर सोऱ्या फिरवणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर मात्र आषाढातलं ताट असतं. बाजरीच्या खारोड्यांचं तसंच. भरड शिजवून, लसूण-तिखट-तीळ घालून, बोटांनी चिमटे टाकायचे ते मे महिन्यात, आणि खायच्या पावसाळी संध्याकाळी नाहीतर थंडीत, शेंगदाण्यांबरोबर. गोधडी शिवायची दुपारही उन्हाळ्यातलीच. बाहेर रस्ता ओस पडलेला, आत कूलरच्या गवतातून ओलसर वारा येतोय, आणि मांडीवर जुन्या लुगड्यांचे चार थर. डिसेंबरच्या कडाक्याला लागणारं पांघरूण बेचाळीस अंशांत मांडीवर घेऊन बसणं, याला चिकाटी म्हणावं की काय म्हणावं!

फौजेत उन्हाळी गणवेश कधी आणि हिवाळी कधी, याचा हुकूम निघतो. छावणीतल्या आम्हा लोकांना ती शिस्त रस्त्यावरून जाता-येता दिसते. घरात कुणी हुकूम काढत नाही. मृग लागायच्या आत पत्र्यांची भोकं डांबराने बुजवून झालेली असतात, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलेलं असतं, गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला पडलेला असतो. हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ते डोकं बहुतेक घरांत एकच असतं. दहा माणसांच्या घरात नऊ जण आजच्या ऋतूत राहतात. दहावी बाई पुढच्या ऋतूत राहते, म्हणून त्या नऊ जणांना आजचा ऋतू मिळतो. पहिल्या पावसाला सगळे गच्चीवर धावतात तेव्हा ती कुठे असते ते आठवून पाहावं. पापडांचे डबे उंचावर चढवत असते, नाहीतर कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतंय ते बघत असते. पावसाचं कौतुक तिला नसतं असं नाही. तिने तो पाऊस दोन महिने आधीच मनात पाडून घेतलेला असतो.

हे श्रम आपण मोजत नाही, याबद्दल अलीकडे पुष्कळ बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातला एक भाग वेगळा वाटतो. पापड लाटणं हे काम दिसतं तरी. लाटायला चार शेजारणी पोळपाट घेऊन येतात. अमुक आठवड्यात पापड झाले नाहीत तर वळवाचा पाऊस गाठील, हे ओळखणं दिसत नाही. त्याला मदतनीस मिळत नाही. ‘तू सांग, मी करतो’ असं म्हणणारा भला नवराही सांगण्याचं काम तिच्याकडेच ठेवतो.

मग फ्रिज आला, गृहउद्योगाच्या तयार कुरडया आल्या, दहा मिनिटांत डाळ दारात आणणारी मोबाइलवरची दुकानं आली. कष्ट कमी झाले. ते झाले हे चांगलंच झालं. वैशाखात चुलीपुढे चीक हाटणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कुणी त्या दिवसांसाठी हळहळू नये. पण पुढचा ऋतू ओळखण्याचं काम जगातून नाहीसं झालेलं नाही. ते घरातून उठून अडत्याकडे, गोदामवाल्याकडे, शीतगृहाकडे गेलं. तुरीची नवी डाळ उतरते तेव्हा वर्षाची भरून ठेवणारं घर भावातल्या फरकाचा फायदा स्वतः खायचं. आता तो फायदा दुसऱ्याचा, आणि आपण पाकिटामागे थोडा थोडा भरत राहतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घराचं माप हरवलं. आईच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ज्वारी किती पोती, तेल किती डबे, तिखट किती पायल्या हे तिने सांगितलं असतं. आज आमच्याच घरात वर्षाला किती डाळ लागते ते कुणाला ठाऊक नाही. मोबाइलवरच्या दुकानाला ठाऊक आहे. डाळ संपत आली की तेच आठवण करून देतं!

अर्थात वर्षाचं धान्य भरायला वर्षाचे पैसे एकदम हातात असावे लागतात, हे विसरून साठवणीचे गोडवे गाणं म्हणजे अर्ध्या गल्लीला वगळून बोलणं. ज्यांची गावाकडे जमीन होती, ज्यांच्या वाट्याची पोती टेम्पोतून दारात उतरत, त्यांच्या कोठ्या भरत. नगर नाक्यावरून वाळूजच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या गाड्यांत बसणारा कंत्राटी कामगार पगार ते पगार जगतो. रोजंदारीवरचा तर आठवडी बाजारात पाच किलो ज्वारी घेऊन जातो आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा उभा असतो. त्याच्या बायकोला पुढचा ऋतू दिसत नाही असं थोडंच आहे? तिला तो जास्तच दिसतो. फक्त त्याच्यासाठी आज काही करून ठेवणं तिला परवडत नाही.

आणि काही घरांचा पुढचा ऋतू त्यांच्या मालकीचाच नसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी निघतात. एका जोडप्याला तिकडे एक कोयताच म्हणतात. पण त्यांचा हिवाळा आधीच, पावसाळ्यात, मुकादमाकडून उचल घेताना विकला गेलेला असतो. त्या पैशात घराची डागडुजी होते, लग्न निभतं, दवाखाना भागतो. मग मार्च-एप्रिलपर्यंत घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मोठी माणसं कारखान्याच्या पालात. एक ऋतू पुढे राहणं हे कुणाची कोठी भरतं आणि कुणाला बांधून घालतं.

या मुलखात घर आणि ऋतू यांचं नातं माणसांच्या येण्या-जाण्यावरूनच फार जुन्या काळापासून मोजलं गेलंय. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेली प्राकृत ‘गाथासप्तशती’ उघडली तर त्यातल्या कितीतरी घरांत एक बाई पहिल्या ढगाकडे बघत उभी आहे. पाऊस लागला की वाटा बंद होणार, म्हणून प्रवासाला गेलेला नवरा त्याआधी परतायला हवा. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा हिशोब. तिचाही जीव पुढच्या ऋतूत अडकलेला. तिला वाळवणाची काळजी होती की नाही, याबद्दल कवींनी फारसं लिहिलं नाही. कवी बहुधा खाणाऱ्यांच्या बाजूला बसले असावेत.

आज मात्र शहरातल्या घराला एकाच गोष्टीने जुनी सवय सोडू दिलेली नाही, ती म्हणजे पाणी. मराठवाडा पर्जन्यछायेतला. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही भरवशाचा नाही. जायकवाडीचा नाथसागर 1976 साली उभा राहिला, त्याचं पाणी शहराला येतं, आणि तरीही कित्येक वसाहतींत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. 1972चा दुष्काळ पाहिलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात: तेव्हा विहिरींत थोडं पाणी होतं, धान्य नव्हतं, अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. 2012-13 साली दुकानं धान्याने भरलेली होती आणि टँकरमागे घागरींच्या रांगा होत्या. घराने काय साठवायचं तेच पालटलं. कणगीची जागा निळ्या ड्रमने घेतली. फरक इतकाच की धान्य साठवताना घर एक ऋतू पुढे असायचं, पाणी साठवताना ते पुढच्या नळापर्यंतच पुढे असतं. लग्नाची तारीख, पाहुण्यांचं येणं, गोधड्या धुणं, सगळं नळाच्या दिवसाभोवती फिरतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी येणाऱ्या लेकीला ‘ये’ म्हणण्याआधी आई मनातल्या मनात टाकी मोजते. ती हे लेकीला सांगत नाही.

छावणीत या सगळ्यावर आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती मला फार आवडते. इथे एका गल्लीत तीन पंचांगं नांदतात. चर्चचा 25 डिसेंबर आणि नागसेनवनाकडे निळ्या झेंड्यांनी भरून जाणारा 14 एप्रिल सूर्याला धरून. एक कायम थंडीत, एक कायम उन्हात. महालक्ष्म्या, पोळा, संक्रांतीची भोगी यांतले बरेचसे चंद्राचे, पण ऋतूला बांधलेले. रमजान मात्र निव्वळ चंद्राचा. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हे अकरा दिवस हिंदू पंचांग साठवत जातं आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यांचा एक अधिक महिना करून टाकतं, जसा 2026 साली अधिक ज्येष्ठ; त्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण मिळतं. हिजरी पंचांग ते साठवत नाही, सोडून देतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढाच मागे सरकत साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शिल्लक तीच, एका घरात ती जमा होते, शेजारच्या घरात खर्च. आणि त्या जावयांना त्या अनारशांमागचं गणित ठाऊक असतं असं मला कधी दिसलेलं नाही.

आमच्या शेजारच्या खालांना ते तोंडपाठ आहे. 2017-18 साली मे-जूनमध्ये रोजे होते, दिवस जवळपास पंधरा तासांचा; तेव्हा फ्रिजमधलं कलिंगड आणि सरबताच्या बाटल्या महिनाभर आधीपासून डोक्यात. आता रमजान फेब्रुवारीत आलाय, पहाटेच्या सहरीला थंडी वाजते, सरबताच्या जागी चहाची किटली. कुठल्या मुलाचा जन्म थंडीतल्या रोज्यांत झाला आणि कुठल्या सुनेचं पहिलं वर्ष उन्हाळ्यातल्या रोज्यांत गेलं, हे त्या सनावळीशिवाय सांगतात. एवढं पुढचं बघणारं दुसरं घर आमच्या गल्लीत नाही. परवा त्यांच्या नातीने मोबाइलवर काढून दाखवलं की 2030 साली रमजान दोनदा लागणार, जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा, आणि त्या दुसऱ्याची ईद जाणार 2031मध्ये. खालांनी चष्मा वर केला, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “म्हणजे उस साल रोजे दो बार, ईद एकीच!” मग आमच्या आईकडे वळून विचारलं, दूधवाल्याला कधी सांगायचं.