ओझे आणि तुळशीचे पान

माऊली, एक प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. नातू शिकून येतो आणि आजोबांच्या गळ्यातील माळेकडे पाहून विचारतो, "जे मोजता येत नाही, ते खरे कशावरून?" आजोबा रागावतात, नाहीतर गप्प बसतात. हाच प्रश्न उराशी धरून जगलेल्या एका जर्मन शास्त्रज्ञाची आठवण अशा वेळी होते.

गुस्टाव फेख्नर यांचा जन्म १८०१ चा, एका धर्मोपदेशकाच्या घरी. लाइपझिगला ते वैद्यक शिकले आणि १८३४ मध्ये तिथेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. रंगीत काचेतून सूर्याकडे पाहण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर केले. डोळे गेल्यातच जमा झाले, प्राध्यापकी सुटली. सुमारे तीन वर्षे अंधाऱ्या खोलीत गेली. १८४३ साली ते पुन्हा बागेत आले, तेव्हा फुले जणू आतून उजळलेली दिसली. पुढे १८४८ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या आत्मजीवनावर 'नान्ना' हा ग्रंथ लिहिला. १८५१ च्या 'झेंद-अवेस्ता'त त्यांनी पृथ्वी आणि तारेही सचेतन व ईश्वरात सामावलेले मानले.

याच माणसाने मनाला मोजपट्टी लावली. २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात असतानाच त्यांना एक विचार सुचला. त्यावर हजारो वेळा वजने उचलून त्यांनी प्रयोग केले आणि १८६० मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यातले सूत्र आपल्याला रोजच्या अनुभवातून कळेल. अंधाऱ्या देवळात एक समई लावली की गाभारा उजळतो. शंभर समया तेवत असतील, तर एकशे एकावी लावलेली कळतही नाही. हाती आधीच किती आहे, त्यावर नव्याची जाणीव ठरते.

आता इथे सावध राहिले पाहिजे. "पाहा, विज्ञानाने आत्मा सिद्ध केला," असे आपण लगेच म्हणू. तसे झालेले नाही. वजनाची जाणीव मोजली गेली, फुलाचा आत्मा मोजला गेला नाही. फेख्नर हे जाणून होते. श्रद्धेच्या आधारांवर त्यांनी १८६३ मध्ये वेगळे पुस्तक लिहिले. परंपरेने दिलेले, जगण्याला हवे असलेले आणि विचाराला पटणारे, असे तीन आधार त्यांनी त्यात मांडले. प्रयोगाचे काम त्यांनी श्रद्धेवर लादले नाही आणि श्रद्धेचे प्रयोगावर नाही. तरी दोन्ही एकाच मनात नांदली.

म्हणून आजोबांनी रागावू नये. म्हणावे, "बाळा, मोज, आणि प्रामाणिकपणे मोज. पण जाणीव किती वाढली हे मोजल्याने, जाणणारा कोण हे कळले असे समजू नकोस. आणि माझी माळ खरी ठरवायला तुझ्या तराजूची खोटी साक्षही मला नको."

त्या सूत्रातून आपल्यापुरता एक बोध मात्र घेता येतो. तो फेख्नर यांचा नव्हे, आपला. डोक्यावर मीपणाचे मणभर ओझे असेल, तर वर ठेवलेले तुळशीचे पान कसे जाणवणार? देव आणखी मोठा होऊन यावा म्हणून आपण वाट पाहतो. ओझे उतरवण्याचे काम तर आपलेच आहे.

रामकृष्णहरि.