समोर आलेलं कर्म
आजचे चिंतन : गीता, अध्याय 2, श्लोक 47

मी लोहाऱ्याचा, सपाट रस्त्यावर पळायला शिकलो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.1 किलोमीटर आणि यवतेश्वरचा घाट. घाट उतरताना एक जण पायात गोळा येऊन कडेला बसलेला दिसला. घड्याळ सांगत होतं, दोन तासांच्या आत होईल. मी थांबलो नाही. मनाला समजावलं, आपलं कर्म धावणं.

पदक मिळालं, पण रात्री झोप लागेना. फळाची आशा सोडायला सांगणारा श्लोक मी फळासाठीच वापरला होता की! कर्म घड्याळ ठरवत नाही, ते वाटेत समोर येऊन बसतं. आता रविवारी जेवळीच्या रस्त्याला पळतो, घड्याळ घरी ठेवून.

राम कृष्ण हरी.