शुश्रूषा आणि नित्यपाठ

मूत्रपिंडे निकामी झालेल्या पत्नीस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे ४ तास, रक्तशुद्धीसाठी रुग्णालयात न्यावे लागते. नोकरी व घरकाम सांभाळून ज्ञानेश्वरीचा नित्यपाठ मग करावा केव्हा? तिच्या खाटेशी बसून केल्यास शुश्रूषेत उणेपणा येतो काय? सुज्ञ वाचक क्षमा करोत. पण दोष पोथीत नसून, तिच्या मुद्रेवरील शीण पाहवत नाही म्हणून पोथीआड तोंड लपविण्यात आहे. सुया टोचलेला हात तिला हलविता येत नाही. कधी मध्येच रक्तदाब उतरून घेरी येते. पहिली हाक ऐकू येईल इतकेच चित्त ग्रंथात गुंतवावे. (सुमारे ९००० ओव्या कोठे पळून जात नाहीत!) तिला रुचल्यास हलक्या स्वरात वाचून दाखवावे, नको असल्यास पोथी मिटून नुसते बसावे, आणि तिचा डोळा लागला की पुन्हा उघडावी.