शिकण्याचे मोल

दिल्लीत वसंत ऋतू फार थोडे दिवस मुक्काम करतो. माघ सरता सरता धुके विरते, काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले दिसू लागतात, आणि चैत्र निम्मा होतो न होतो तोच पश्चिमेचा कोरडा वारा अंगणातील माती भाजू लागतो. या मधल्या सहासात आठवड्यांत येथे बाग करणाऱ्यास पुष्कळ कामे उरकावी लागतात. पालक, मेथी, कोथिंबीर बियांवर गेलेली असतात, ती उपटावयाची. वाफे पुन्हा खणून त्यांत शेणखत मिसळावयाचे. आणि भेंडी, दुधी, दोडका, काकडी यांचे बी टाकावयाचे. आम्ही मूळचे वाईकडचे. मृगाचा पाऊस पडावा आणि परसात वेलांच्या बिया टोचाव्यात, एवढेच आमचे बागकामाचे ज्ञान. उन्हाळा पुढे उभा असता पेरणी करावी, ही गोष्ट पहिल्या वर्षी आमच्या बुद्धीस पटेना. असो. वेळापत्रक माणूस शिकतो. परंतु ते शिकत असता आमच्या हातून जे घडले, त्यावरून एक प्रश्न मनात उभा राहिला आणि तो अद्याप पुरता सुटलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

२०२१ च्या डिसेंबरात आम्हांस तळमजल्यावरचे सरकारी घर मिळाले. मागील दारी बारा पावले लांब आणि सहा पावले रुंद एवढे अंगण. बदल्यांच्या नोकरीत हे भाग्यच म्हणावयाचे. अंगणाच्या एका कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीलगत, छातीएवढ्या उंचीचे एक झुडूप उभे होते. एकाच मुळातून वर आलेले चारपाच बुंधे, करड्या रंगाच्या काटेरी फांद्या, आणि पान म्हणून एकही नाही. ते वाळलेले आहे याविषयी आम्हांस तिळमात्र शंका आली नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला वाळलेले झाड ओळखता येत नाही काय? जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही ते तोडले, आणि त्या कोपऱ्यात ऊन चांगले येते, भेंडीला उपयोगी पडेल, अशा हिशोबाने कुदळ लावून त्याची मुळेही खणून काढली. सकाळचे दोनअडीच तास गेले. मुळे इतकी चिवट का, हा विचार तेवढा मनात आला नाही.

हात धूत असता शेजारच्या वृद्ध पंजाबी बाई भिंतीशी आल्या. ढिगाकडे पाहून त्या म्हणाल्या, "बेटा, अनार क्यों निकाल दिया?" आम्ही म्हणालो की ते सुकले होते. त्यांनी ढिगातली एक फांदी उचलून अंगठ्याच्या नखाने तिची साल जराशी खरवडली. आत हिरवेगार होते. "सो रहा था," एवढेच त्या बोलल्या, आणि आत गेल्या.

पुढे हळूहळू कळले, ते असे. आमच्या आधी त्या घरात राहणाऱ्या गृहस्थांनी ते डाळिंब लावले होते. त्यांची बदली होण्यापूर्वी दोन वर्षे त्याला फळ येऊ लागले होते. भिंतीवरून पलीकडे गेलेल्या फांद्यांवरची फळे त्या बाईंची, असा दोन्ही घरांचा अलिखित करार होता. दाणे नातवंडांना जात. साली वाळवून, कुटून, पोटाच्या तक्रारीसाठी त्या डब्यात भरून ठेवीत. दिल्लीच्या थंडीत डाळिंबाची पाने पार झडतात आणि फाल्गुनाच्या सुमारास नवी तांबूस पालवी फुटते, हे येथे सर्वांस ठाऊक आहे. आमच्या वाईच्या परसातले डाळिंब बारा महिने हिरवे असे. त्यामुळे उघडे डाळिंब आम्ही कधी पाहिलेच नव्हते. मात्र या सबबीत फारसा अर्थ नाही. सोलापूरकडचे बागाईतदार बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी मुद्दाम तोडून त्याची पाने झडू देतात. म्हणजे पानांवाचूनचे डाळिंब जिवंत असते हे खुद्द महाराष्ट्रातही हजारोंना माहीत आहे. अज्ञान प्रांताचे नव्हते, आमचे होते.

कार्यालयात ही हकीकत सांगितली तेव्हा सर्वांनी एकच सांत्वन केले: "अहो, माणूस चुकतमाकतच शिकतो." हे वचन खोटे नाही. पण त्यात एक गोष्ट झाकून ठेवलेली आहे. शिकण्याची फी शिकणाऱ्याने भरावी असा लोकव्यवहार आहे. येथे शिकलो आम्ही. आणि फी भरली ती डाळिंबाने, ते लावून गेलेल्या गृहस्थांनी, आणि भिंतीपलीकडच्या बाईंनी. झाडास दुःख होते की नाही या वादात आम्ही शिरत नाही. त्या बाईंचा साली भरून ठेवण्याचा डबा रिकामा राहिला, एवढा पुरावा आम्हांस पुरेसा आहे.

खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांस डाळिंबापेक्षा एक जुनी फाईल अधिक आठवली. नोकरीस लागून वर्षही झाले नव्हते. २०१४ ची गोष्ट. कुटुंब-निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण आमच्या टेबलावर आले. दिवंगत कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेत पत्नीचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले, अर्जात दुसऱ्या तऱ्हेने. आम्ही नवशिके, नियम नुकताच वाचलेला. मोठ्या दक्षतेने आक्षेप लिहून आम्ही प्रकरण परत पाठविले. ते चार महिन्यांनी फिरून आले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाने उलटून दाखविली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र पहिल्यापासून फायलीतच, चार पाने खाली, जोडलेले होते. ते रागावले नाहीत. "शिकाल हळूहळू," असे म्हणाले. आम्ही खरोखरच शिकलो. त्यानंतर शेवटचे पान पाहिल्यावाचून आम्ही एकही फाईल हातावेगळी केलेली नाही. परंतु त्या चार महिन्यांत त्या बाईंनी घर कसे चालविले हे आम्हांस माहीत नाही, आणि विचारावयास आम्ही गेलोही नाही.

तर प्रश्न असा: ज्या शिकण्याची किंमत दुसऱ्याच्या खात्यातून वळती होते, ते शिकण्याचा आपणांस अधिकार आहे काय? नाही म्हणावे, तर कोणी वैद्य होणार नाही, कोणी शिक्षक होणार नाही, आणि कोणाचे पहिले मूल वाढणार नाही. आहे म्हणावे, तर आमच्यासारख्या प्रत्येक उतावळ्या माणसाच्या हाती कुदळ दिल्यासारखे होते.

या बाबतीत आम्हांस गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग नेहमी आठवतो. १९०२ च्या सुमारास मुंबईत त्यांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणास खिळला होता. वय दहा वर्षांचे. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींनी ते नाकारून जलोपचार चालविले. बापाला आपल्या लहरी मुलावर लादण्याचा काय अधिकार, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारल्याचे लिहिले आहे. मुलाला दोन्ही बाजू समजावून त्याचे मत घेतले. नाडी आणि छाती आपणांस तपासता येत नाही, तेव्हा आपण येऊन पाहत जावे, अशी त्याच डॉक्टरांस विनंती केली. आणि तापलेल्या मुलास ओल्या चादरीत गुंडाळून, चौपाटीवर व्याकूळ मनाने फेऱ्या घातल्या. मूल बरे झाले. पण बरे झाले म्हणून प्रयोग योग्य ठरला असे आम्हांस म्हणवत नाही. दहा वर्षांच्या मुलाने बापास दिलेली संमती ही संमती मानावी काय, याविषयी आमचे मन साशंकच आहे. तथापि एक फरक नजरेआड करता येत नाही. पाहण्यासारखे जे होते, ते त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांनी का होईना, पाहत ठेवले होते. आम्ही पाहिलेच नव्हते.

नंतर त्याच कोपऱ्यात आम्ही भेंडी लावली, आणि तीही बुडाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुपारचे ऊन पाहून आम्ही फसलो. रात्री भिजवून ठेवलेले बी मातीत टाकले, आणि ते तेथेच कुजले. जमिनीची उष्णता साधारण १७ अंश सेल्सिअसच्या खाली असली तर भेंडी रुजत नाही. दुपार कितीही उबदार असो, रात्रीची माती गारच असते. आम्ही विचारले होते; पण कोणी म्हणाले आता टाका, कोणी म्हणाले होळीनंतर. ज्याचे त्याचे अंगण वेगळे. येथे नखाने खरवडून पाहण्याजोगे काही नव्हते. मूठभर बी गेले, ते आमच्याच पैशाचे होते, आणि महिनाभराने दुसरे टाकता आले. या चुकीची आम्हांस लाज वाटत नाही. डाळिंबाची वाटते. दोन्ही चुका एकाच अंगणात, थोड्याच दिवसांच्या अंतराने, एकाच माणसाने अज्ञानापोटी केलेल्या. मग हा भेद कोठून आला?

आमच्या मते तो अज्ञानात नाही. त्या अज्ञानावाचून सुटका होती की नव्हती, यात आहे. भेंडीचे बी टाकल्यावाचून कळण्यासारखे नव्हते. डाळिंब मात्र नखाच्या एका ओरखड्याने, किंवा केवळ पाच आठवडे थांबल्याने, आपण होऊन सांगणार होते. शपथपत्र चार पाने उलटल्याने दिसणार होते. भेंडीच्या बियांचे जे गेले, त्याला फी म्हणावे. डाळिंबाचे आणि त्या बाईंचे आम्ही जे घेतले त्याला फी म्हणता येत नाही, आणि जो शब्द येतो तो लिहावयास हात कचरतो.

कोणी म्हणतील, मग सावधपणे वागावे म्हणजे झाले. तसे नाही. फाईल परत पाठविणे हे आमचे सावधपणाचेच कृत्य होते. कचेरीत सावधपणाइतके सोपे काहीच नसते. आक्षेप लिहिणारा कधी अडचणीत येत नाही. सावध माणूस स्वतःला जपतो. येथे पाहावयास हवे होते ते समोरच्या वस्तूकडे.

याच शहरात पुसा येथे मोठी कृषि-संशोधन संस्था आहे. ती १९०५ मध्ये बिहारातील पुसा या गावी निघाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत पडली, आणि १९३६ मध्ये ती गावाचे नाव सोबत घेऊन दिल्लीस आली. वसंतात तिकडे कृषिमेळा भरतो. एका वर्षी तो पाहावयास गेलो असता प्रयोगाच्या वाफ्यांकडे पाहून आमच्या मनात आले की येथे रोगट ठरलेली, निकस ठरलेली किती रोपे उपटून टाकली जात असतील! पण ती येथे मरतात म्हणून शेतकऱ्याच्या रानात मरत नाहीत. शिकण्याचे मोल कोठे तरी द्यावे लागणार हे ओळखून समाजाने ते देण्यासाठी वेगळी जमीन राखून ठेवली आहे. घरच्या अंगणाला अशी राखीव जमीन नसते. आणि मुलाबाळांच्या घरात तर मुळीच नसते.

या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी एका सहकाऱ्याकडून डाळिंबाच्या चार काड्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. कोठे लावाव्यात हे या वेळी शेजारच्या बाईंस आधी विचारले. त्यांनी भिंतीलगतचा जुनाच कोपरा दाखविला. आमची बदली कधीही निघेल, तेव्हा याची फळे आम्ही खाऊ असा भरवसा नाही. बाईंचेही वय झाले आहे. त्यांनी काही बोलून दाखविले नाही, आम्हीही नाही. दोन काड्यांना तांबूस कोंब फुटले. उरलेल्या दोन तशाच उभ्या आहेत.

सहा वर्षांच्या मुलास आम्ही मोठ्या हौसेने नखाची परीक्षा दाखविली. परवा सकाळी पाहिले, तो तिसऱ्या काडीची साल चार ठिकाणी सोललेली. रोज शाळेत जाण्यापूर्वी तो येऊन पाहत असे म्हणे. आम्ही वाकून पाहिले. चारही ओरखड्यांपैकी वरचे दोन तपकिरी झाले होते. खालचे दोन अजून हिरवे होते.