जौहर : जन्माचा की घडणीचा?

'जौहर' या उर्दू शब्दाचे अर्थ आम्ही मुलांना वर्गात सांगतो. रत्न हा एक, माणसाचा अंगभूत गुण हा दुसरा. तिसरा अर्थ आता फारसा कुणाच्या लक्षात नसतो. उत्तम तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिलाही जौहरच म्हणत. मुस्लिम तत्त्वज्ञांनी वस्तूच्या मूळ तत्त्वाला जौहर म्हटले आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गुणाला अरज. मग पात्यावरची नक्षी यांपैकी कोण? आणि ज्याला आपण माणसाचा जौहर म्हणतो, तो रक्तातून येतो की घडणीतून?

दमास्कसचे पोलाद म्हणून जे जगभर गाजले, त्याचा कच्चा माल बराचसा दक्षिण हिंदुस्थानातून जाई. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याचे एक नावाजलेले ठिकाण. इराणचे व्यापारी तिथवर येत. बंद मुशीत लोखंड वितळवून ते सावकाश निवू देत. अशा पोलादाच्या जाती किती, हे अल-किंदी यांनी नवव्या शतकात खलिफा मुअतसिमसाठी लिहिलेल्या ग्रंथात नोंदवले आहे. पुढे ही विद्या लोपली. व्हरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार या दोघा अमेरिकनांनी १९९८ साली सहकाऱ्यांसह संशोधन प्रसिद्ध केले. ही नक्षी उमटायला लोखंडात व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे हा जौहर खाणीतूनच यावा लागतो. खानदानाचा अभिमान मिरवणाऱ्यांना हा दाखला नक्कीच आवडेल.

पण आज हाताने घडवलेली जी सुरी 'दमास्कस' नावाने ओळखली जाते, तिची गोष्ट वेगळी आहे. ही रीतही जुनीच. इंग्लंडमध्ये सटन हू येथे १९३९ साली सापडलेली सातव्या शतकातली तलवार याच जातीची. १९७३ साली विल्यम मोरान या अमेरिकन लोहाराने अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि ही कला पुन्हा बहरली. यात दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतात, एक साधी जास्त कार्बनची, दुसरी निकेल असलेली. त्याआधी प्रत्येक पट्टी घासून लख्ख करावी लागते. टाकणखार टाकून गठ्ठा भट्टीत सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. मग लांबवायचा, तोडायचा, पुन्हा रचायचा. सात थरांचे चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न आणि चौथ्या खेपेला एकशे बारा होतात. मधल्या एका थरावर जरी मळ राहिला, तरी तिथे जोड बसत नाही. वरून दिसतही नाही. कारागिराचे ईमान तिथेच कळते, कारण तिथे पाहणारा कुणी नसतो.

त्या उष्णतेत आणखी एक गोष्ट घडते. कार्बन एका थरातून दुसऱ्यात झपाट्याने पसरतो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेल मात्र बहुतांशी आपल्या जागी राहते. म्हणून कठीणपणा सर्वांचा, रंग ज्याचा त्याचा. सोहबतीचा असर म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

घडलेले पाते तापवून तेलात बुडवतात, मग सुमारे २०० अंशांवर शेकून त्याचा ठिसूळपणा घालवतात. शेवटी ते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. साधे पोलाद काळवंडते, निकेलचे उजळ राहते आणि नक्षी दिसू लागते. ती द्रावणाने निर्माण केलेली नसते, फक्त उघड केलेली असते. बाजारात एकाच पोलादावर वरवर नक्षी कोरलेल्या सुऱ्याही मिळतात. परीक्षा सोपी आहे. पाते घासून पुसून टाका आणि पुन्हा द्रावणात ठेवा. खरी नक्षी परत येते, खोटी येत नाही. जाहिर आणि बातिन यांतला फरक इतक्या साध्या रीतीने क्वचितच दिसतो.

तरीही खऱ्या नक्षीवर भुलून चालत नाही. पाणी नीट दिलेले नसेल तर एकशे बारा थरांची सुरीही बोथटच राहते. कुर्बानीच्या वेळी जनावराला नक्षीशी काही देणेघेणे नसते. प्रत्येक कामात एहसान असावा, सुरी आधी धारदार करून घ्यावी, जिवाला यातना होऊ नयेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सुरीचा हिशेब धारेवर होतो. माणसाचाही, त्याच्यामुळे दुसऱ्याला किती कमी दुखले, यावर व्हावा.

कोणी म्हणेल, लोहाराला तरी चांगले पोलाद आयतेच मिळते. खरे आहे. पण त्या पोलादातला कार्बनही कुणीतरी घातलेलाच असतो. शिक्षकांच्या खोलीत एखाद्या मुलाबद्दल 'इस में जौहर ही नहीं' असा निकाल सहज दिला जातो. वस्तीचे, बिरादरीचे, बापाच्या धंद्याचे नाव घेऊन दिला जातो. तसे म्हणणारे आपण मुलाला खनिज समजतो आणि आपली जबाबदारी खाणीवर ढकलतो. मुशीतल्या पोलादाला तो न्याय लागू असेल. मुलाला नाही. त्याच्याजवळ कोण बसले, किती ऊब मिळाली, मधला मळ कुणी काढला, हे विचारल्याशिवाय त्याच्यात जौहर नाही असे म्हणण्याचा हक्क आम्हांला नाही.