मोबदल्यावाचून

सत्कर्मात एक धोका दडलेला असतो, आणि तो सज्जनांनाच अधिक असतो. केलेल्या चांगुलपणाची मनात नकळत खतावणी सुरू होते. प्रार्थना झाली, दशांश दिला, कुणाच्या अडीअडचणीला धावून गेलो. जमेला काही पडले. मग एखाद्या दिवशी राग अनावर होतो, नको ते बोलले जाते, आणि सारी शिल्लक बुडाल्यासारखी वाटते. देव समोर असतो, पण आपण त्याच्याकडे सावकाराकडे पाहावे तसे पाहत राहतो. तारण हे देवाचे दान आहे, ते विश्वासाने घ्यायचे असते आणि त्यावर बढाई मारण्याचा हक्क कुणालाच नाही, असे इफिसकरांस लिहिताना पौलाने ही खतावणीच मिटवली. हे वाक्य पाठ असते. त्यात राहायला मात्र वर्षे लागतात.

पंडिता रमाबाईंना ती लागली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी तीर्थांमागून तीर्थे पायी हिंडत वाढली. पुराणे सांगावीत, व्रते पाळावीत, मिळालेले दानधर्मात घालावे, असा त्या घराचा क्रम होता. 1870च्या दशकातल्या दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण नेली. त्या व्रतांमागची तळमळ खरी होती. तिला हिणवण्याचे मनात येत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की इतके करूनही ‘पुरेसे झाले’ असे कुणी, कधी सांगायचे?

1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळतात, हे त्यांनी फुलम येथे पाहिले होते. कारण विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि तिच्याशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट ऐकायला मिळाली. तरीही जुनी सवय त्यांच्याबरोबर नव्या धर्मात आली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचे आत्मकथन वाचताना त्या अंतर्मुख झाल्या. पाळक होऊन उपदेश करणाऱ्या या माणसालाही विश्वासाचा खरा अनुभव नंतर आला होता. आपल्यापाशी देण्याजोगे काही नाही, तरी ख्रिस्त आपल्याला स्वीकारतो, हे रमाबाईंना तेव्हा कळले. त्याआधी त्यांच्या हातून थोडे काम झाले होते असे नाही. स्त्रियांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन 1889 मध्येच उभे राहिले होते. देवापुढे त्या कामाचे भांडवल करायचे नाही, हे मात्र आता उमगले.

सगळे दानच असेल, तर चांगले वागायचे तरी कशाला? हा आक्षेप खुद्द पौलानेच रोमकरांस लिहिताना मांडला, आणि ठामपणे फेटाळला. याकोबाचे पत्र कृतीवाचूनच्या विश्वासाला मृत म्हणते. नाझी सत्तेच्या सावलीत, 1937 साली, डीट्रिख बोनहॉफरने शिष्यत्वाची किंमत टाळणाऱ्या ‘स्वस्त कृपे’विरुद्ध लिहिले. हे इशारे मला फार मोलाचे वाटतात. पण त्यांचे उत्तर पुन्हा खतावणी उघडण्यात नाही. इफिसकरांच्या त्याच पत्रात पुढच्याच वचनात पौल सांगतो, की आपण सत्कर्मांसाठीच घडवलेले आहोत. आधी स्वीकार, मग कर्म. हा क्रम उलटला की सेवेत भीती शिरते.

हा क्रम रमाबाईंच्या केडगावातल्या मुक्ती मिशनात प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळातून वाचलेली ही बाई शेकडोंची आई झाली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या मिशनात जे घर उभे राहिले, त्याचे नाव ‘कृपा सदन’. तिथे येणारीने आधी आपली लायकी सिद्ध करावी अशी अट घातली असती, तर त्या नावालाच अर्थ राहिला नसता. ज्या दाराने त्या स्वतः आत आल्या, तेच दार त्यांनी इतरांसाठी उघडे ठेवले.

आणि ज्यांच्या हातून काहीच होत नाही, त्यांचे काय? अंथरुणाला खिळलेला म्हातारा, आजाराने प्रार्थनेचे शब्दही विसरलेली आजी, दर आठवड्याला त्याच पापात पडून पुन्हा उपासनेला येणारा तरुण. कर्मांच्या मोजणीत ही माणसे कायम तुटीतच राहतील. कृपेचा सिद्धांत खरा आहे की नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून ठरवावेसे वाटते. देवाने आपल्यावर आधीच प्रेम केले, हे त्यांच्या बाबतीत खरे असेल तरच ते माझ्याही बाबतीत खरे आहे. म्हणून रात्री दिवसाचा आढावा घेताना चुका लपवायचे कारण नाही आणि केलेले चांगले मिरवायचेही कारण नाही. दोन्ही त्याच्या हाती द्यावे, क्षमा मागावी, निवांत झोपावे. आणि सकाळी शेजाऱ्याची गरज दिसली, तर मोबदल्याचा विचार न करता उठावे.