शेडचे दार कुणासाठी?

गेल्या उन्हाळ्यात रावेरला आमच्या मोहल्ल्यात एक बैठक झाली. केळीच्या पॅकिंगसाठी बांधलेले पत्र्याचे एक मोठे शेड बरेच दिवस रिकामे पडले होते. मालक भले गृहस्थ. मुलांसाठी वापरणार असाल तर चावी घ्या, म्हणाले. वाचनालय आणि अभ्यासिका यांवर लगेच एकमत झाले. मग एका तरुणाने मोबाईलवर चाकांच्या फळीवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, उड्या मारणारी मुले दाखवली. अर्ध्या शेडमध्ये हेही करू, फरशी गुळगुळीत आहे, लाकडी उतार सुतार करून देईल, असे त्याचे म्हणणे. खेळ जायज की नाजायज, यावर वाद झाला नाही. मस्जिद-ए-नबवीत हबशी मंडळी भाल्यांचे खेळ करीत, हे सर्वांना ठाऊक असते. अडले ते दाराशी.

अट आम्हीच सुचवली. जो शाळेत जात नाही, त्याला फळी नाही. शिक्षक माणूस, हजेरीपट डोक्यातून जात नाही! शिवाय आमच्याकडे दाखला होता. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार गावी उलरिके रेनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 साली असे मैदान उभारले. शाळा नाही तर स्केटिंग नाही आणि मुली आधी, हे तिथले नियम. त्याच गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनमधील नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळली. सर्वांनी माना डोलावल्या.

मागे बसलेले एक हमाल गृहस्थ तेवढे म्हणाले, "सर, मेरे लडके का क्या?"

तो मुलगा आठवीपर्यंत आमच्याच वर्गात होता. वडिलांची पाठ गेली आणि तो केळीच्या कटाईला जाऊ लागला. पहाटे निघतो, दुपारी परततो, संध्याकाळी चौकात बसतो. शाळा त्याने कंटाळून सोडली नव्हती. घरच्या गरिबीची शिक्षा आम्ही त्याला दुसऱ्यांदा देणार होतो, तीही तालीमच्या नावाने.

जनवारची अट जनवारला शोभते. तिथे शाळेकडे पाठ फिरवणाऱ्या मुलाला ओढून आणायचे होते. काबूलमध्ये क्रम वेगळा होता. ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियन तरुणाने 2007 मध्ये तिथे मुलांना फळ्या दिल्या, 2009 मध्ये छताखालचे सभागृह झाले. 'स्केटिस्तान' हे त्या संस्थेचे नाव. रस्त्यावर वस्तू विकणारी मुलेही तिथे आली. आधी फळी आणि मग त्यांना शाळेत परत नेणारे वर्ग. मुलींनी सायकल चालवणे तिथे लोकांना खपत नव्हते, पण स्केटबोर्डविषयी कुणी नियमच केला नव्हता, म्हणून मुलीही आल्या. 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान परतल्यावर ते थांबवावे लागले. आमच्या बैठकीत मुलींच्या वेळेविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. आम्हीही नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

अट काढल्यावर भीती उरतेच. मजुरीही मिळते आणि फळीही मिळते, हे पाहून नववीतला मुलगा काय ठरवेल? कटाईच्या दिवसांत रिकामे पडलेले बाक आम्ही पाहतो, त्यामुळे ही भीती खोटी म्हणवत नाही. पण एकाला धाक बसावा म्हणून दुसऱ्याला दाराबाहेर उभे करायचे, हा हिशेब आम्हाला पटत नाही. ज्याला बाहेर ठेवू, त्याने आमचे काय बिघडवले आहे?

पुढच्या बैठकीत आम्ही आमची अट मागे घेतली. मगरिबनंतरचा एक तास कामावरून येणाऱ्या मुलांसाठी ठेवावा, असे सुचवले. काहीजण अजून नाराज आहेत.

त्या मुलाला आम्ही चौकात गाठले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे समजावले. तो केळीच्या चिकाने काळे पडलेले हात शर्टाला पुसत नुसता हसला. मग फळीचे सांगितले. तेव्हा म्हणाला, "सर, कब से?"